शार्कच्या दारी लाल चौकड्यांचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, मित्रांनो, कमरेला गुंडाळायचा. लाल चौकड्यांचा, खाडीकाठची माणसं बांधतात तसला. आता चौकड्या विटल्या, काठ उसवले, आणि खरं सांगायचं तर बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझा जन्म कामतघरच्या एका यंत्रमागावर झाला. तिथे आराम ही गोष्ट कोणाला माहीतच नव्हती. धोटा इकडून तिकडे धावायचा आणि धागा तुटला की कारागीर ओरडायचा, "अरे बंद कर, बंद कर!" त्या खडखडाटाने मी जन्मतःच दमलो. पुढे धामणकर नाक्यावरच्या एका दुकानात पडून होतो. तिथून काल्हेरच्या केसरीनाथांनी मला घरी नेलं.

केसरीनाथ म्हणजे खाडीचा माणूस. पावसाळ्यात भात लावायचा आणि एरवी ओहोटी बघून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गाळात उतरायचं. मी सदा त्यांच्या कमरेला. चिखल, मीठ, घाम, सगळं माझ्याच वाट्याला. कितीही धुतलं तरी माझा मासळीचा वास गेला नाही. पण काम होतं, म्हणून मान होता. लग्नघरी हळदीलासुद्धा केसरीनाथ मलाच बांधून नाचायचे आणि लोक म्हणायचे, "रुमाल शोभतो हां तुमाला!"

मग खाडीकाठच्या शेतांत गोदामं उभी राहू लागली. केसरीनाथांचं शेत मुलाच्या, मनोजच्या नावावर होतं. बापानेच मोठ्या विश्वासाने करून दिलेलं. एके सकाळी केसरीनाथ बांधावर गेले, तर त्यांच्या खाचरात डंपर माती ओतत होता. मनोजने शेत विकून टाकलं होतं आणि बापाच्या कानावर घातलंही नव्हतं.

त्या दिवसापासून केसरीनाथ मुलाशी बोलायचे बंद झाले. बंगला झाला, गाडी आली, बापाचा शब्द काही आला नाही. जे सांगायचं ते सुनेमार्फत. "मृणाली, सांग तुझ्या नवऱ्याला, टाकीत पानी न्हाय." नवरा समोरच बसलेला असायचा! दोघांच्या भांडणात त्या बिचारीचं मरण. दोन वर्षं हे असं चाललं. घरातली माणसं दमली, आणि खुंटीवर टांगलेला मीही दमलो.

मनोज वाईट नव्हता, मित्रांनो. बाप पुन्हा एकदा आपल्याशी बोलावा, एवढंच त्याला हवं होतं. पण ते मागायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून दोन हजार सहा साली त्याने दक्षिण आफ्रिकेची सहल काढली. "बाबांना समुद्र दाखवू," तो मृणालीला म्हणाला.

"समुद्र मना नवा हाय का?" केसरीनाथ भिंतीकडे बघून म्हणाले. पण सुनेने हातापाया पडून त्यांना तयार केलं. त्यांनी माझी घडी केली आणि पिशवीत टाकली.

तिथल्या समुद्रात एका बोटीच्या कडेला लोखंडी पिंजरा बांधला होता. रबरी कपडे घालायचे, डोळ्यांवर काच लावायची आणि पिंजऱ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं. शार्क दिसला की बोटवाला ओरडणार, मग श्वास रोखून बुडी मारायची आणि बघायचं. शार्कला बोलवायला पाण्यात माशांचं तेल ओतत होते. त्या वासाने सहलीतले निम्मे लोक कठड्यावर ओणवे झाले. केसरीनाथांना मात्र सबंध परदेशात तेवढा एकच वास ओळखीचा वाटला.

रबरी कपडे चढवल्यावर त्यांनी मला काढलं आणि वरून कमरेला करकचून बांधलं. लोक फिदीफिदी हसले.

"मृणाली, बाबांना सांग ना, काढा तो," मनोज शरमून म्हणाला.

"त्याला सांग, खाऱ्या पान्यात मोकल्या कमरेनं उतरत न्हाईत."

बोटवाल्याने मला ओढून बघितलं, लोंबणारं टोक आत खोचलं आणि चालेल म्हणून मान डोलावली. मृणालीला बोट लागली होती, ती वरच राहिली. पिंजऱ्यात उतरले ते बाप आणि लेक, आणि निरोप न्यायला मध्ये कोणी नाही!

असलं गार पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझा धागा न् धागा आखडला. सगळं हिरवं, गढूळ. बराच वेळ काहीच आलं नाही. बापलेक खांद्याला खांदा लावून उभे, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. एवढा समुद्र ओलांडून येऊनही हेच बघायचं का, म्हणून मला दोघांचाही वीट आला.

तेवढ्यात बोटवाला ओरडला. दोघं बुडाले. त्या हिरव्या अंधारातून शार्क आला, टेम्पोएवढा लांब, खाली पांढरा, वर करडा. कसला आवाज नाही की घाई नाही. आमिषामागे वळताना त्याचं शेपूट पिंजऱ्यावर आदळलं. पिंजरा कलला, मनोजचा हात दांडीवरून सुटला, आणि घाबरून त्याने जे हाताला लागलं ते धरलं. तो मी होतो.

आमच्याकडे गाळात उतरायची एक रीत आहे. जाणता माणूस पुढे चालतो आणि मागचा त्याच्या कमरेचा रुमाल धरतो. धुक्यात काही दिसत नाही, म्हणून पुढचा चालता चालता विचारतो, "हाय का?" मागच्याने "हाय" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पुढच्याने जागीच थांबायचं. मनोज लहानपणी बापामागून असाच चालला होता.

दोघांची डोकी पाण्यावर आली. केसरीनाथांच्या कमरेला ओढ होती. राग त्यांना त्या क्षणी आठवलाच नाही. मागे न बघता, निव्वळ सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाय का रं?"

"हाय, बाबा!" मनोज म्हणाला. त्याचे दात कडकडा वाजत होते.

मला रडू आलं, मित्रांनो. पण ओल्या रुमालाचं रडणं कोणाला दिसणार? केसरीनाथही क्षणभर गांगरले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "या एका मोरीचं कालवन आख्ख्या काल्हेरला पुरंल." आमच्याकडे शार्कला मोरीच म्हणतात. मनोज हसला, पण मला त्याने सोडलं नाही.

परतताना दोघं एकाच घोंगडीत कुडकुडत बसले होते. मनोज हळूच म्हणाला, "बाबा, शेत विकलं ते चुकलं माझं."

"शेताचं काय? सगल्यांचीच गेली. गोदामांच्या मधी भात कुटं पिकतो? तू इचारलं असतंस तं मीच बोललो असतो, इक. पन तू इचारलंच न्हायस."

मनोज खाली मान घालून बसला.

घरी आल्यावर मी फार दिवस टिकलो नाही. त्या ओढाताणीत मधोमध विरलो होतो, पुढे फाटलोच. एका रविवारी मनोज गाडी धुवायला निघाला आणि त्याने मला दोरीवरून काढलं. मी म्हटलं, संपलं आपलं. पण तो गाडीकडे न जाता ओसरीवर बापापुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, हा रुमाल फाटलाय. गाडी पुसायला घेऊ का?"

केसरीनाथांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. मग माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत राहिले. "घे," ते म्हणाले, आणि मला त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी फडकं आहे. धूळ, तेल, चिखल पुसतो आणि अंगणातल्या नळावर वाळत पडतो. फार थकलोय. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगत नाही, वस्तू झिजायच्याच. पण घरातल्या कोणाची एखादी गोष्ट विकायची, मोडायची, टाकायची झाली, तर आधी त्याच्यापुढे जाऊन उभे राहा आणि विचारा. तो बहुतेक "घे" असंच म्हणेल. तुम्ही विचारायची तेवढी तो वाट बघत असतो.