टोकाचं पाणी

माझी नणंद धरणावर इंजिनिअर आहे आणि माझी रोपवाटिका त्याच धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. घरचंच माणूस धरणावर असल्यावर हिला पाण्याचा काय तोटा, असं लोकांना वाटतं. या लोकांना नणंदा नसाव्यात.

रविवारी ती आली आणि नेहमीसारखी ओट्यावर चढून पाय हलवत काकडी खाऊ लागली. कचेरीत तिच्यापुढे माणसं उठून उभी राहतात म्हणे. आमच्याकडे तिला खुर्ची टोचते.

"धाकटे, कालव्याच्या पाण्याची एक पाळी दे," मी म्हटलं. "एकच. टोमॅटो, कोबी, मिरची, सगळी रोपं विक्रीला आली आहेत. विहिरीत बादली टाकली तर आता खणखण वाजते."

"वहिनी, मी काय पाणी पर्समध्ये घेऊन फिरते?"

"मग धरणात काय आहे?"

"पाणीच आहे. पण ते कमी करायचंय." काकडी बाजूला ठेवून ती सांगू लागली. डोंगरावर चर खणले, बांध घातले, तेव्हापासून पाऊस आधी तिथेच जिरतो आणि सावकाश खाली येतो. वरच्या विहिरी भरतात, धरण मात्र उशिरा भरतं. त्यात पावसाळ्याआधी पुरासाठी धरणात जागा करायची, नाहीतर नदीकाठचं शहर बुडतं. म्हणून शिल्लक पाणी नदीत ओतायचं.

"म्हणजे वरचे अडवणार, तू ओतणार, आणि आम्ही मधले कोरडे."

"मधले कुठले? तुम्ही शेवटचे."

मी तिच्या हातातली काकडी काढून घेतली.

"अगं, पुढचं ऐक तरी!" ती हसली. "लोंढा सावकाश येतो, म्हणजे धरण पूर्वीइतकं रिकामं करायला नको. आणि जे काढायचं ते नदीऐवजी कालव्याने काढता येईल. मोजमापं केलीत मी. मंगळवारी बैठक आहे. पण साहेब मागच्या पुराने असे पोळलेत, की त्यांना भरलेला ग्लाससुद्धा बघवत नाही. आशेवर राहू नकोस."

आशेवर नाही तर कशावर राहायचं? कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून मी हा उद्योग मांडला होता. पहिलाच हंगाम. रोपं गेली की मी पुन्हा काउंटरमागे, परक्या बायकांना परक्या साड्या उलगडून दाखवायला.

मंगळवारी दुपारी तिचा मेसेज आला. "बैठक संपली. तुझ्या रोपांवर पाणी सोडलं."

मी उपड्या बादलीवर बसले. पुन्हा वाचला. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं की ती गोष्ट गेलीच. हक्कावर, हौशीवर, आता रोपांवर. धाकटी भांडली असणार, हरली असणार, आणि तिने सरळ कळवून टाकलं. तिला फोन लावला तर लागेना. धरणाच्या भिंतीखाली रेंज नसते.

थोडं रडून घेतलं. मग डोळे पुसून रोपांकडे पाहिलं. ती बिचारी मेसेज न वाचता टवटवीत उभी होती. मरू द्यायची? ज्यांच्याकडे बोअरवेल आहे त्यांच्या परसात तरी जगतील. मी शेजारीपाजारी फोन केले, "या आणि फुकट घेऊन जा."

फुकट म्हटल्यावर लोक काय वेगाने येतात! शाळेतून निवृत्त झालेल्या बाई तर टोपली घेऊनच आल्या आणि वर म्हणाल्या, "कोबी जरा किरकोळ दिसतोय." मी म्हटलं, "बाई, त्याची मनःस्थिती बरी नाही."

टोमॅटो आणि कोबीचे वाफे रिकामे झाले. मिरचीला हात घालणार तोच पाटकरी स्कूटरवरून आला. कालव्याचं पाणी पाळीप्रमाणे वाटणं हे त्याचं काम, त्यामुळे आमच्या टोकाला तो सहसा हवा खायलाच येतो.

"वहिनी, वाफ्यांची दारं उघडा! पाणी पुलापर्यंत पोचलं."

"कुठलं पाणी?"

"आता पाण्याची जात सांगू का? धरणातलं!"

तेवढ्यात नवरा कामावरून आला. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं आणि अत्यंत सावधपणे म्हणाला, "अगं, पाणी सोडलं म्हणजे... सोडलं."

"ते मला आता कळलं!"

मग त्याला जे हसू फुटलं ते थांबेना. पाटकऱ्यालाही सांगून झालं. पाटकऱ्याने वाटेतल्या प्रत्येक घरी सांगितलं, आणि त्याचा उपयोग असा झाला की संध्याकाळी लोक रोपं घेऊन परत येऊ लागले. बहुतेकांनी ती अजून लावलीच नव्हती. कुणी ओशाळून दिली, कुणी "फुकट म्हणालीस म्हणून, नाहीतर आम्हाला कुठे टोमॅटो आवडतात" असं म्हणून. शाळेच्या बाई तेवढ्या रिकाम्या हाताने आल्या. "माझी लावून झाली. आणि दिलेलं परत मागू नये."

"मी मागितली नाहीत, बाई."

"ते बरं केलंस." आणि पदर खोचून त्या वाफ्यात उतरल्या.

धाकटी आली ती चिखलाच्या बुटांनी, विजयी चेहऱ्याने. माझी हिरवीगार रोपवाटिका बघायला आलेली ती. समोर बघते तर काय, अर्धा मोहल्ला गुडघ्यावर बसून रोपं खोचतोय.

"वहिनी, हे काय?"

"तू साहेबांशी कशी भांडलीस ते आधी सांग," मी म्हटलं. माझ्या तोंडून तिला ते कळायला नको होतं. नवऱ्याने सांगितलंच. ती बांधावर बसून पोट धरधरून हसली, मग बूट काढून आमच्यात आली. साहेबांनी एवढ्या हंगामापुरतं मान्य केलंय, म्हणाली. यंदाचा पाऊस कसा येतो त्यावर पुढचं.

बोलण्याच्या नादात पाण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ते पहिला वाफा भरून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि नुकती खोचलेली रोपं आडवी व्हायला लागली.

मी उठले, चिखलाचे हात तोंडाशी नेले आणि ओरडले, "पाटकरीभाऊ, बंद करा! बास झालं पाणी!"

कालव्यावरून त्याचा आवाज आला, "वहिनी, परत म्हणा. टोकावरून असं कुणी म्हटलेलं नोकरीत पहिल्यांदाच ऐकतोय."

मी परत म्हटलं. आणखी जोरात.