डावीकडचा तिसरा बाक

...पडद्याच्या मधोमध अधिकचं ते चिन्ह, तिळाएवढं, पांढरं. आणि बाईंची नजर त्यावर अशी रोवलेली की पापणीनंसुद्धा परवानगी घेऊन लवावं. डोक्यावर मेंदूतल्या लाटा टिपणारी तारांची टोपी, केसांत गार चिकट लेप. पडद्यावरचा बाण ज्या बाजूला वळेल तिकडे फक्त लक्ष न्यायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं — डोळा मात्र हलता कामा नये. हलला की नोंद बाद. लेकीच्या प्रबंधाला एकच नोंद कमी पडत होती, आणि सकाळपासून तीन तरुण बाद झाले होते.

डोळा हलतोय कसला! एकतीस वर्षं परीक्षांना डोळ्यांत तेल घालून पहारा केलाय मी... समोरच्या भिंतीकडे बघत कोपऱ्यातली चिठ्ठी पकडलीय. बाईंच्या पाठीलाही डोळे आहेत, म्हणायची मुलं. आणि त्याच वर्गात, डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, ही — पोटची पोर, तिथं तीही मला ‘बाई’च म्हणायची — आणि कुणी पक्षपाताचा ठपका ठेवू नये म्हणून मी वर्षभर त्या बाकाकडे मान वळवली नव्हती. “तू माझ्याकडे कधी बघितलंच नाहीस,” असं लेक अजूनही भांडणात म्हणते.

आता ती पडद्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून कागदावर उमटलेला आलेख पाहत होती. “आई, डोळे जागचे हलले नाहीत. शाब्बास!” बाईंची छाती फुगली.

“पण हे काय? डावीकडे लक्ष असलं की मेंदूच्या उजव्या बाजूची लाट खाली बसते. तुझी सारखी बसलेलीच आहे. बाण उजवीकडे असतानासुद्धा.” लेकीनं वर पाहिलं. “डावीकडे होतं काय एवढं? मीच तर...”

नोंद वाया गेली हे बाईंना कळलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटत होता तो अभिमानच, तोही कागदावर छापून आलेला.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “वर्गातसुद्धा असंच?”

“बोलू नकोस. पुन्हा घे.”

“बरं, बाई,” लेक म्हणाली, डोळे पुसत, हसत. “मी बाहेर बसते.”

दार लागलं. बाईंनी नजर पुन्हा चिन्हावर रोवली. दार डावीकडेच होतं, हे त्यांनी न बघताच हेरलं होतं... आणि या खेपेला बाणाचं ऐकायचं की नाही, हे काही केल्या ठरेना.