बिनखिशाचा शर्ट

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. एका शर्टाची गोष्ट, त्यात काय लिहायचं! शिवाय हे वाचलं की सगळ्यांना कळणार, मीही सहा महिने मेंटल हॉस्पिटलमध्ये होतो. मग म्हटलं, कळू दे. मामा काल चारचौघांत बसून शर्ट शिवून आला आणि मी काय तोंड लपवून बसू? आत्ता खरं तर मी त्याच्याबरोबर असायला हवं. घरात बसून टाइप का करतोय, ते येईलच.

तर मामा. माझा सख्खा नव्हे, अख्ख्या वॉर्डाचा मामा. मूळचा शिंपी. डोकं बिघडलं म्हणून घरच्यांनी आणून सोडलं. बरा झाला, पण न्यायला कुणी आलंच नाही. मी जन्मायच्या आधीपासून तो तिथे. सगळ्यांचे कपडे तोच शिवायचा. माझी विजार ढगळ होती, तीही त्यानेच आत घेतली. तिथून आमची दोस्ती. मी सारखा गुणगुणतो म्हणून माझं नाव त्याने भुंगा ठेवलं.

आता नवी पद्धत आलीय. बऱ्या झालेल्यांना कोंडून ठेवायचं नाही. साध्या गल्लीत, साध्या घरात ठेवायचं, आणि बरोबर असा माणूस द्यायचा जो स्वतः त्यातून गेलाय. मामाबरोबर मी राहतो, माझ्या नोकरीचं नावच 'सोबती'! वेड लागल्याच्या अनुभवावर पगार मिळतो हे ऐकून आई आधी हसली, मग रडली, मग परत हसली.

काल मामाचा शिंप्याच्या दुकानातला पहिला दिवस. मालकीणबाईंनी, म्हणजे ताईंनी, आधीच बजावलं होतं, "एक दिवस बघते. जमलं तर उद्यापासून या."

वाटेत मामा म्हणाला, "भुंग्या, नाही जमलं तर मी परत जाणार. वॉर्डात."

"अरे, वेडा आहेस का?"

"ते तर कागदावर लिहिलंय," मामा म्हणाला. "पण तिथं माझं मशीन आहे."

मी हसलो खरा, पण हसण्यासारखं नव्हतं. कारण मामा बोलला की करतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, दोरीवर लटकलेले कपडे. आम्ही टेकतोय तोवर एक वॉचमन कापड घेऊन धावत आला. "ताई, संध्याकाळी ड्यूटी! नवा शर्ट नसला तर साहेब गेटवर उभं करणार नाहीत."

ताईंनी मामाकडे बघितलं. मामाने टेप उचलली, मापं घेतली, खडूने आखलं. मग ताईंपुढे हात पसरून उभा राहिला.

"काय हवंय?"

"कात्री."

ताईंनी दिली. मामाने एक बाही कापली आणि कात्री परत त्यांच्यापुढे धरली. ताईंनी गोंधळून घेतली. दुसऱ्या बाहीला परत हात पसरला. पाठीला परत. शेवटी ताई वैतागल्या, "अहो मामा, मी काय कात्री खाते का? ठेवा ना तिथंच!"

मामा कात्री धरून नुसता उभा. मी मधे पडलो, "ताई, वॉर्डात प्रत्येक काप झाला की कात्री सिस्टरकडे जमा. ती कपाटात जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

ताईंनी हात पुढे केला. कात्री घेतली आणि पुढच्या वेळी मागायच्या आत त्याच्यासमोर धरली.

मग मामाचा पाय मशीनवर पडला आणि काय सांगू! माणूसच बदलला. मान खाली, ओठात टाचणी, टाके एका रेषेत. ताई तयार कपडे द्यायला बाहेर गेल्या तरी त्याला पत्ता नाही. कॉलर तर अशी बसवली, अशी बसवली, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वॉर्डातल्या कपड्यांना कॉलर नसायचीच. जीव ओतला त्याने त्या कॉलरीत.

ताई परत आल्या, पाठोपाठ वॉचमन. त्याने अंगातला जुना शर्ट काढला, नवा उलगडला आणि इकडून तिकडून फिरवायला लागला.

"ताई, हा उघडतो कुठून?"

उघडतच नव्हता. पुढची बाजू सरळ शिवून टाकलेली, गळ्याला नुसती चीर. बटण नाही, काजं नाही.

"डोक्यातून घालू का? आणि खिसा? शिट्टी कुठं ठेवू, तोंडात?"

मला एकदम कळलं. वॉर्डात बटणं नसतात, कुणी गिळेल म्हणून. खिसे नसतात, कुणी काही लपवेल म्हणून. इतकी वर्षं त्या हातांनी दुसरं काही शिवलंच नव्हतं.

मामालाही कळलं. तो उठला, कात्री माझ्या हातात द्यायला लागला. "जमा कर, भुंग्या. चल."

मी कात्री घेतली नाही, पण त्याला अडवलंही नाही. सोबती म्हणे!

"बसा खाली," ताई म्हणाल्या. "माझ्या पहिल्या पँटचे दोन्ही पाय डावे होते! शिंप्याच्या दुकानात नाही चुकायचं तर कुठं चुकायचं? पुढची बाजू उभी कापा. पट्टी लावा, काजं करा. कापड उरलंय का?"

मामाने मशीनखालून गठ्ठा काढला. एकेक चिंधी घडी घालून ठेवली होती त्याने. वॉर्डात काही टाकायची सोय नव्हती ना!

"कात्री?" मामाने विचारलं.

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुमच्याच हातात आहे."

मामाने हाताकडे बघितलं. आणि कापलं.

वॉचमन बनियनवर स्टुलावर बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "शर्ट होतोय. कॉलर बघा आधी, कॉलर! आमच्या साहेबाला नाही असली." दोन खिसे झाले. त्याने शिट्टी एका खिशात टाकली, काढली, दुसऱ्यात टाकली. "चालतंय!" म्हणाला आणि ड्यूटीवर पळाला.

दुकान बंद करताना ताईंनी मामाला मशीनच्या ड्रॉवरची किल्ली दिली. "कात्री तुमची आत राहील. उद्या वेळेवर या."

मी हवेत! रस्ताभर बडबड. "मामा, उद्या मी तुला लवकर उठवतो, आपण त्या पुलाकडून जाऊ, दुपारी मी डबा घेऊन..."

मामा थांबला. त्याचा शर्टही वॉर्डातलाच, बिनखिशाचा. किल्ली मुठीत घट्ट.

"भुंग्या, एक शब्द दे."

"एक काय, शंभर घे!"

"उद्या सोडायला येऊ नकोस."

"अरे पण रस्ता..."

"चुकलो तर विचारीन कुणाला तरी." मग डोळे बारीक करून म्हणाला, "आणि दुकानात सोबती घेऊन येणारा शिंपी बघितलाय का कुठं?"

त्याने शब्द घ्यायला हात पुढे केला. डावा. उजव्यात किल्ली होती.

मी हातावर हात मारला. "नाही येणार," म्हटलं.