डोळ्यांत बघायचं नाही

"काका, त्याच्याकडे बघू नका! नजर खाली!"

शेजारच्या बाल्कनीतून इशिता ओरडली, तेव्हा माकड माझ्या कठड्यावर बसलं होतं आणि माझ्या बायकोचा, अलकनंदाचा चष्मा त्याच्या हातात होता. मोठा नर होता. चष्म्याची एक काडी दातांत धरून चावत होता.

मी नजर खाली घातली. ते मला शिकवायची गरज नव्हती. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत काढली. आमच्या ऑफिसच्या गच्चीवर माकडांची टोळी असायची, ती जिन्यात यायची, कधी थेट टेबलावर. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, साहेब आणि बंदर, दोघांच्याही डोळ्यांत बघायचं नाही. मी दोन्ही पाळलं. प्रमोशन वेळेवर झालं आणि एकदाही चावा बसला नाही.

"थाळी वाजवा, शांतारामभाऊ!" इशिताची आई, रुचिरावहिनी, कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. "काठी देऊ का?"

"आई, यार, तू आत जा. आवाज केलास तर तो चष्मा घेऊन पळेल."

"तुझ्या पीएचडीचं माकड नाहीये हे. मयूर विहारचं आहे. याला फक्त काठी समजते."

इशिता दिल्लीच्या टोकाला जंगलात जाऊन माकडांचा अभ्यास करते. माणूस कुठे बघतो आणि ते पाहून माकड काय करतं, हे वहीत लिहिते. वहिनी सगळ्यांना सांगतात, मुलगी एवढी शिकली आणि माकडांच्या नजरा मोजत बसते.

अलका जाऊन सात महिने झाले. सकाळी ती बाल्कनीत बसून पेपर वाचायची. अजूनही मी पेपर तिच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवतो, तिचा चष्मा पुसतो आणि पेपरवर ठेवतो. मुलगा उन्मेष मानेसरला असतो, रविवारी येतो. त्याने एकदा हे पाहिलं. चष्मा ठेवला की मला तिथे बसवत नाही. गॅसपाशी जातो, बाहेर येतो, परत आत जातो. आज तसाच बाहेर आलो तर माकड कठड्यावर. मी सवयीने मान खाली घातली, आणि त्याने हात लांबवला.

"म्हणूनच घेतलं त्याने," इशिता हळू आवाजात म्हणाली. "जो बघत नाही ना, त्याच्यासमोरचं उचलतात. त्यांना बरोब्बर कळतं."

"तूच म्हणतेस बघू नका."

"डोळ्यांत बघायचं नाही. त्याला ती धमकी वाटते. पण वस्तूवरची नजर काढायची नाही. दोन्ही वेगळं आहे, काका. अच्छा, घरात केळं आहे?"

केळं होतं. मी पाठ न वळवता आत गेलो आणि घेऊन आलो.

"सोला, त्या कोपऱ्यात ठेवा, चष्म्यापासून लांब. मागे या. आता फक्त केळ्याकडे बघा. चष्म्याकडे बिल्कुल नाही. तुम्ही जिकडे बघाल तिकडे तो बघेल. बघतातच ते. मान वळवून बघतात."

मी केळ्याकडे बघत राहिलो. काडी चावल्याचा कर्र आवाज येत होता. मान वळवून बघतात, ती म्हणाली होती. जनावरसुद्धा.

शेवटचे चार दिवस अलका आयसीयूत होती. तोंडात नळी. ती नळी ओढायची म्हणून हात बांधलेले. मला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आत सोडत. ती माझ्याकडे बघायची आणि डोळे डावीकडे न्यायची. परत माझ्याकडे, परत डावीकडे. मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. मी पायथ्याशी उभा राहून मशीनवरचे आकडे बघायचो. "सगळं ठीक आहे, झोप," असं म्हणायचो. डावीकडे काय आहे ते एकदाही पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी सिस्टरने सामानाची पिशवी हातात दिली. वर चष्मा होता.

"अंकल, ये ड्रॉअर में था. आंटी बार-बार इधर ही देखती थीं. मुझे लगा दवाई देख रही हैं."

तिच्या डाव्या हाताच्या ड्रॉअरमध्ये तो मीच ठेवला होता. हरवू नये म्हणून.

"काका, केळ्याकडे!" इशिता म्हणाली.

मी डोळे मिटले होते. उघडले. कडेने दिसलं, माकडाचं चावणं थांबलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. चष्मा त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडला. एका उडीत त्याने केळं उचललं आणि तो पाइपवरून वर गेला.

इशिता धावत आमच्या दारातून आली. चष्मा तिनेच उचलला. एक काच फुटली होती, दुसरी ठीक होती. काडीवर दातांचे खड्डे होते.

"भारी नंबर आहे. किती होता काकूंचा?"

"मायनस सात."

"माझा सहा आहे. चष्मा काढला ना, की मला एवढंच दिसतं." तिने अंगठा नाकाला लावून करंगळी ताणली. "एक बालिश्त. मराठीत काय म्हणतात याला?"

"वीत."

"हां, वीत. काकूंना त्याहून कमीच दिसत असेल. पुढे सगळं धुकं. माणूस उभा आहे एवढं कळतं. कोण आहे ते नाही कळत."

मी तिच्या हातातून चष्मा घेतला.

"मी काच बदलून आणू? मेट्रो स्टेशनपाशी दुकान आहे."

"नको. राहू दे तसाच."

ती गेली. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "दिलंस ना केळं? आता उद्या बायकापोरं घेऊन येईल तो."

चहा उकळून पातेल्याला लागला होता. मी गॅस बंद केला. मोरीपाशी आरशासमोर अंगठा नाकाला लावला आणि करंगळी ताणली. एवढंच अंतर. मी पायथ्याशी उभा होतो, आणि वाकलो असतो तर पुरलं असतं.

काचेचे तुकडे गोळा केले. उरलेली काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि चष्मा पेपरवर ठेवला. मग माझी खुर्ची टेबलाच्या या बाजूने उचलून तिच्या खुर्चीला लागून ठेवली आणि बसलो.

थोड्या वेळाने माकड परत आलं. कठड्यावर बसून माझ्याकडे बघू लागलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मान खालीही घातली नाही. चष्म्याकडे बघत बसून राहिलो.