सहा वर्षं न वाजलेला ढोल

मित्रांनो, जुना झालो असलो तरी मी ढोलच आहे. आतून पोकळ असल्याची मला कधी लाज वाटली नाही. माझ्याहून पोकळ माणसं गावची पुढारी झालेली मी पाहिली आहेत.

कवठे महांकाळजवळच्या धनगरवाडीत भाऊसोंनी मला घडवून घेतलं. खोड शिवणीचं, दोन्ही तोंडांना बोकडाचं कातडं. त्या बोकडाविषयी मला फारशी माहिती नाही, हट्टी असावा. भाऊसोंच्या पोरानं, सिद्धूनं, मला गळ्यात अडकवलं आणि माझा जन्म सार्थकी लागला. बिरोबाच्या जत्रेत तो गजी नाचाला वाजवायचा. त्याची एक खोड होती. शेवटच्या ठोक्याआधी तो टिपरू हवेत धरून आईकडे, सुलाबाईंकडे बघायचा. त्या हसल्या की ठोका पडायचा. तोवर नाचणाऱ्यांचा एक पाय वरच.

"आरं सोड की रं सिद्ध्या, पाय गळून पडंल माझा," असं नाचातला म्होरक्या नाथाजी ओरडायचा. सगळी जत्रा हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात सिद्धू विहीर खोदण्याच्या कामावर गेला. दरड कोसळली. तो बावीस वर्षांचा होता.

सुतकात ढोल झाकतात. माझ्यावरही घोंगडं पडलं. सुतक फिटलं की ते काढायचं, अशी रीत आहे. भाऊसोंनी काढलं नाही. दर अमावस्येला मात्र ते मला अंगणात आणत, उन्हात तापवत, दोऱ्या आवळत. कारण कातडं ढिलं पडलं की ढोल गेलाच. मी टंच होऊन वाट बघे. मग पुन्हा घोंगडं, पुन्हा तोच कोपरा. नवरदेवाला सजवून कणगीत कोंडावं, तशी माझी गत. असं सहा वर्षं चाललं.

नाथाजी दर जत्रेला येई.

"भाऊसो, ढोल द्या की. देवाचं काम हाय."

"देवानं माझं काम केलंय तेवढं बास झालं," भाऊसो म्हणत.

सिद्धूचं नावही त्या घरात कुणी घेत नसे. माझ्याबरोबर तेही घोंगड्याखाली गेलं होतं. भाऊसो रानात गेले की सुलाबाई घोंगड्याचं टोक उचलून बघत आणि पुन्हा टाकत. एका उन्हाळ्यात माझ्या कातड्याला कडेनं चीर गेली. असाच पडून राहिलो असतो तर आणखी एखादं वर्ष, मग कुणी वाजवलं तरी मी वाजणार नव्हतो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या एका अमावस्येला मी अंगणात उभा तापत होतो. एक करडू आलं आणि उडी मारून थेट माझ्यावर चढलं. चार खुरं, धुम धुम धुम. वादन अगदीच सुमार होतं, पण मी तक्रार केली नाही. नात्यातलंच होतं ते.

भाऊसो काठी घेऊन धावले.

"मारू नगासा त्याला," सुलाबाई दारातून म्हणाल्या. "सा वर्सांत माझ्या सिद्धूची आठवण ह्या घरात त्यानंच काढली."

काठी न मारताच खाली आली. भाऊसोंनी ती भिंतीला टेकवली.

"लय वंगाळ वाजवतंय," ते म्हणाले.

"मग तुमी वाजवा."

सुलाबाईंनी टिपरू आणून दिलं. त्यांना ते शोधावं लागलं नाही.

भाऊसोंनी करडू उतरवलं, मला गळ्यात अडकवलं. चार ठोके बरे पडले, तीन चुकले. शेवटच्या ठोक्याला हात हवेतच थांबला आणि त्यांनी सुलाबाईंकडे पाहिलं. सुलाबाईंना हसायला फार वेळ लागला. पण भाऊसोंनी हात खाली घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही झाकून ठेवलेलं असेल. त्याला जरूर जपा, ऊन दाखवा. पण कशासाठी जपलं होतं, ते विसरू नका. माझी चीर आता वाढली आहे, आवाज घोगरा येतो. तरी दर जत्रेला भाऊसो मला घेऊन जातात, शेवटचा ठोका हवेत धरतात. आणि सुलाबाई हसेपर्यंत म्हातारा नाथाजी एका पायावर उभा राहून सिद्धूला शिव्या घालतो.