खंडेनवमीची थरथर

मी एक जुनी फटफटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण 'भंगार' म्हणाल, तर तुमचं-माझं बोलणं तिथंच संपलं.

लढाईच्या दिवसांत, सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला खाकी रंग फासला आणि निरोप घेऊन पळायला शिकवलं. लढाई संपली, तशी माझी गरजही संपली. दिघीकडच्या लष्करी माळावर माझ्यासारख्या कितीतरी गाड्या उन्हापावसात उभ्या राहिल्या. शेळ्या माझ्या सीटवर पाय देऊन बाभळीचा पाला ओरबाडायच्या. तेव्हा मला फार राग यायचा. अजूनही आठवलं की येतो.

लिलावात मला उद्धवरावांनी घेतलं. ते मूळचे पारनेरचे. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, तिथं फिटर म्हणून लागले होते. चिंचवडचे अन्वर मिस्त्री त्यांचे दोस्त. दोघांनी मिळून मला पुन्हा माणसांत आणलं. उद्धवरावांच्या बायकोसाठी, दुर्गाबाईंसाठी, अन्वर मिस्त्रींनी मागच्या बाजूला पाय टेकायला एक लाकडी फळीही बसवली. नऊवारी नेसलेली बाई फटफटीवर एका बाजूला बसून निघाली, की सगळी चाळ दारात यायची. दुर्गाबाई कुणाकडे बघायच्या नाहीत. मीसुद्धा नाही.

त्यांचं माहेरही पारनेरलाच. दर दिवाळीला भाऊबीजेसाठी मी त्यांना नारायणगाव, आळेफाटा करत घेऊन जायची. घाटात मोटारी धापा टाकायच्या आणि मी त्यांच्या बाजूने फटफटत पुढे निघायची. वर्षभर दुर्गाबाई त्या एका प्रवासाची वाट बघायच्या. मी तर बघायचीच.

एका वर्षी उद्धवरावांनी दसऱ्याच्या आधी मला रंगवायला काढलं. इंजिन उतरवलं, चौकट घासली, खाकीवर छान काळा रंग चढवला. अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन परत जागेवर बसवलं आणि अंधार पडला म्हणून उरलेलं काम सकाळवर ठेवलं. सकाळी खंडेनवमी. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेतल्या हत्याराला कुणी हात लावत नाही. दुर्गाबाईंनी आदल्या रात्रीच पाने, पक्कड, हातोडी सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. मला झेंडूचा हार, कपाळावर म्हणजे दिव्यावर कुंकू. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटायची गडबड. मी अशी काही झळकत होते, की हिचं काही काम राहिलंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि मग मी थरथरू लागले. जरा वेग घेतला की उद्धवरावांच्या हातांना मुंग्या यायच्या, दिव्याची काच खडखडायची. अन्वर मिस्त्री नेमके बहिणीच्या लग्नाला जुन्नरला गेलेले. मग काय, ज्याला तोंड होतं तो वैद्य झाला. एक म्हणाला चाक वाकलंय, दुसरा म्हणाला पेट्रोलात भेसळ आहे, तिसऱ्याने लिंबू-मिरची बांधली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की म्हातारी खचली. मी खचले नव्हते, मित्रांनो! मला बोलता येत नाही, म्हणून मी थरथरत होते.

उद्धवराव घाबरले. बायकोला मागे बसवून घाटात काही झालं तर काय, हे त्यांच्या मनातून जाईना. कुरुळीच्या लक्ष्मणरावांना विहिरीवर बसवायला इंजिन हवं होतं. उद्धवरावांनी त्यांना शब्द दिला. माझं इंजिन विहिरीवर जाणार आणि बाकीची मी भंगारात. दुर्गाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पोचवायला निघालो, तेव्हा न विचारता येऊन फळीवर पाय ठेवून बसल्या.

भोसरी गेली, मोशी आली. मी मुद्दाम सारं अंग हलवत होते. इंद्रायणीच्या उतारावर उद्धवरावांनी नेहमीप्रमाणे पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. मी नुसती घरंगळत खाली आले, अगदी गुळगुळीत. पुलाजवळ दुर्गाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, थांबा जरा. इंजन बंद झालं तशी थरथर गेली. मग चाक कसं वाकलं आसंल?"

उद्धवराव उतरले आणि चाक निरखू लागले.

"जात्याचा खुंटा ढिला झाला, की हात आसाच थरथरतो. म्हनून जातं कुनी टाकून देतं का?"

ते खाली वाकले. इंजिन चौकटीला धरून ठेवणाऱ्या बोल्टाला हात लावला. नट दोन बोटांनी फिरला. दुसराही फिरला. दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला, कारण पाने पाटावर कुणी मांडले होते ते त्यांनाही आठवलं.

पिशवीतला पाना काढून उद्धवरावांनी सगळे नट आवळले. त्या पान्याच्या दांड्याला अजून कुंकू होतं.

तिथून घरी वळता आलं असतं. पण दिलेला शब्द तोंडावर जाऊन मोडायचा, असं दुर्गाबाई म्हणाल्या. कुरुळीपर्यंत मी अशी धावले, की दिव्याची काच हूं की चूं करेना.

लक्ष्मणराव इंजिन विहिरीवर न्यायला बैलजोडी घेऊन दारात उभे होते. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी एवढ्या लांब न्हाई म्हनायला आला व्हय?"

"व्हय भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या. "हिचं मरान मीच पाटावर मांडलं हुतं, आता मीच न्हाई म्हनते. ही चालती हाय, तवर कुनाच्या हिरीवर जानार न्हाई."

लक्ष्मणराव रागावले, पण चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. त्या दिवाळीला आळेफाट्यापुढे मी दोन मोटारी मागे टाकल्या.

तेव्हापासून आमच्या घरी अष्टमीला दुर्गाबाई स्वतः पाना घेऊन माझा एकेक नट तपासतात आणि मगच तो पाना पूजेला जातो. तर मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी थरथरू लागलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर लगेच म्हातारं झालं म्हणू नका. वाकून बघा, काय सैल झालंय ते. झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. मला हार नाही घातलात तरी चालेल, आधी पाना आणा.