मानभर पुढं

"तीन दिवस झालं, माझ्या घरातली बैलं बोलत्यात, पर ह्यो बोलत न्हाय!" नजीराबीनं सुपातला जोंधळा असा काही आपटला, की दोन दाणे उडून सुनेच्या केसांत जाऊन बसले. "सात वर्सं निशाण दाराला काय लागलं, आईसंगं बोलायला त्वांड दुखाय लागलं ह्येचं!"

सुगरानं केसांतले दाणे काढून परत सुपात टाकले.

"घाईत हुते ते, आम्मा."

"घाईत? बैलांच्या शिंगास्नी तेल चोळायला येळ हाय. त्या वजीर बैलाच्या कानाला लागून गुजगोष्टी करायला येळ हाय. दर वर्साला माझा हात डोक्यावर ठिवून घ्यायचा, 'आम्मा, येतो' म्हनायचा, मग छकड्यावर पाय ठिवायचा. आज काय केलं? मान हलवली. नुसती मान! बैलावानी!"

सुगरा खाली बघत खडे वेचत राहिली. खडा नसलेला दाणाही तिनं दोनदा उलटून पाहिला.

आज शर्यतीचा दिवस होता. दसरा काल झाला, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या पल्याडच्या माळावर छकडे पळायचे. माळाच्या एका टोकाला चुन्याची रेघ, दुसऱ्या टोकाला जुनं चिंचेचं झाड. रेघेवरनं सुटायचं, चिंचेला वळसा घालायचा आणि परत रेघेवर यायचं. कुरुंदवाडपासून हातकणंगल्यापर्यंतचे गाडीवान तिथं यायचे आणि गेली सात वर्षं नजीराबीच्या लालासाबची पाठ बघून परत जायचे.

लालासाब जन्मल्यापासून गाडीवरच होता म्हटलं तरी चालेल. त्याचा बाप अमीन गुळाचे रवे वाहायचा. पेठेत ज्याची गाडी आधी पोचेल त्याचा गूळ आधी उतरायचा, म्हणून लेकराला पुढ्यात बसवून अमीन पहाटेच्या रस्त्यावर बैलं पळवायचा. बाप प्लेगात गेला. कासरा सोळा वर्षांच्या पोराच्या हातात आला, तो आजतागायत सुटला नव्हता. आता लालासाब पेठेतनं चालला, तर पानवाला हाक मारून विडा द्यायचा. न्हावी रांग मोडून त्याला आधी बसवायचा. परगावचे पावणे दारात येऊन विचारायचे, "लालासाबचं घर ह्येच न्हवं?" आणि नजीराबी दाराच्या निशाणाकडे बोट दाखवून म्हणायची, "डोळं हायत न्हवं? बघा की."

ते निशाण पिवळ्या कापडाचं होतं. जिंकणाऱ्याचं नाव दर वर्षी काळ्या दोऱ्यानं त्यावर शिवलं जायचं आणि निशाण वर्षभर त्याच्या दारावर राहायचं. नजीराबीला वाचता येत नव्हतं, पण 'ला' ओळखता यायचा. एकाखाली एक सात ओळी होत्या, दर ओळीच्या सुरुवातीला दोन 'ला'. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती ते निशाण रिठ्याच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, घडी घालून पंचांकडे पाठवायची. दुसऱ्या दिवशी ते घरी यायचंच. यंदाही तिनं तसंच पाठवलं होतं. दाराची खुंटी सकाळपासून रिकामी होती आणि नजीराबीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तरी एक गोष्ट तिच्या मनाला सात वर्षं टोचत होती. लालासाब जिंकायचा तो मानभर अंतरानंच. एका बैलाची मान पुढं, तेवढंच. कधी धडभर नाही, कधी गाडीभर नाही.

"जिंकायचं तर धडानं जिंकावं की रं," ती दर वर्षी म्हणायची. "ह्ये काय, चोरावानी मुंडी घालून!"

तो हसायचा, आणि विषय बदलायचा.

शर्यत तिनं स्वतः कधी पाहिली नव्हती. पहिल्याच वर्षी लालासाब म्हणाला होता, "आम्मा, तू नगं येऊस. तुझी नजर लई कडक. बैलांस्नी लागंल." तिला ते पटलं होतं. आपली नजर कडक आहे, हे कुणी सांगितलं की तिला बरंच वाटायचं. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी ती उंबऱ्यात, रस्त्याकडे पाठ करून बसायची. नदीपलीकडे हलगी कडाडली, की मगच वळायची.

"सुगरा," तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्याकडं बघ. त्यो का बोलत न्हाय?"

"आम्मा..."

"बघ म्हनलं न्हवं?"

सुगरानं बघितलं आणि संपलं. त्या नजरेपुढं आजवर कुणाचं काही लपलं नव्हतं.

"आवाज गेलाय त्यांचा. धा दिस झालं, माळावर जाऊन सराव करून करून घसा बसला. परवापासनं तर हवाच येतीया नुसती. तुमाला सांगू नगं म्हनून हातापाया पडले माझ्या."

नजीराबीनं पदर खोचला. मग म्हणाली, "बरं, बसला. मग? गाडी काय गळ्यानं हाकतोय त्यो?"

सुगरानं पटकन पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडते आहे म्हणावं तर डोळे कोरडे होते.

"हसाय काय झालं?"

"काय न्हाय, आम्मा."

नजीराबी उठली. चुलीवर पाणी ठेवलं. लवंग, ज्येष्ठमध, आलं, मिरी, जे हाताला लागलं ते ठेचून त्यात टाकलं. काढा तांब्यात ओतला, वर फडकं बांधलं, पळी कमरेला खोचली.

"आम्मा, कुठं?"

"पोराच्या घशाला वल नगं? नजर लागंल तर लागंल. डोळं मिटून जातो मी."

डोळे मिटून चालता येत नाही, हे तिला नदीच्या उतारावर कळलं. पूल ओलांडून पायवाटेनं ती निघाली, तर वाट तिला थेट माळाच्या त्या टोकाला घेऊन गेली. समोर चिंचेचं झाड. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. आणि चिंचेखाली, हातात तांबडं फडकं घेऊन, लालासाबचा दोस्त केरबा सुतार उभा. छकड्याची चाकं तोच बांधायचा. कुणी चिंचेच्या आतनं वळलं तर फडकं वर करायचं, हे त्याचं आजचं काम. नजीराबीला बघून फडकं त्याच्या हातातनं गळालंच.

"चाची! तुमी हितं कशाला?"

"का? माळ तुझ्या बाऽचा हाय?"

"न्हवं, पर... शर्यत सुटली की. आता आल्यात बघा गाड्या. तुमी जावा घरला. लई धुराळा हाय."

"लालासाबला काढा आणलाय. केरबा, मला एक सांग. आवाज बसल्यावर गाडी हाकाय काय हुतंय?"

केरबा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"ह्या शर्यतीत पराणी टोचाय चालत न्हाय, चाची. चाबूक बी न्हाय. नुसती हाक. लालासाबची एक हाक हाय, तिच्यावर..."

पुढचं बोलणं खुरांच्या आवाजात बुडालं. दोन छकडे इतरांना मागं टाकून चिंचेवर आले. पुढं कुरुंदवाडच्या बाळासोची जोडी, पांढरीशुभ्र, कोवळी, नाकातनं वाफ टाकणारी. मागं वजीर आणि पाखऱ्या, तिची वासरं, जी तिनं गाय मेल्यावर अंगणात बोटानं दूध चाटवून वाढवली होती. छकड्यावर लालासाब उभा. त्यानं आईला पाहिलं नाही. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आतनं काहीच येत नव्हतं. वळसा घालून दोन्ही छकडे परत निघाले तेव्हा बाळासो चांगला गाडीभर पुढं होता.

माणसांतनं कुणीतरी ओरडलं, "आरं, लालासाबचा घसा गेलाय! हाक आपन द्या रं!"

आणि पाचशे गळ्यांनी एकदम हाक दिली.

"एऽऽऽऽ मुडद्या, त्वांड काढ!"

नजीराबीला आधी वाटलं, कुणाला तरी शिव्या पडताहेत. कोण तो मेला म्हणून तिनं मान उंचावून पाहिलं. दुसऱ्यांदा हाक आली. या वेळी शेवटचा 'काढ' वर उचललेला होता, आणि त्याच्यावर पाचशे मांड्यांवर पाचशे थापा बसल्या.

तो उचललेला 'काढ' तिच्या ओळखीचा होता.

अंगणात जोंधळा वाळत घातलेला. दोन वासरं पाय न वाजवता येऊन त्यात तोंड घालायची. ती चुलीपुढनं उठायची, परातीवर पळी आपटायची आणि ओरडायची. वासरं शेपट्या वर करून गल्लीच्या टोकापर्यंत सुटायची. गल्लीतली माणसं भिंतीला चिकटायची. लालासाब उंबऱ्यात बसून पोट धरून हसायचा.

"केरबा. ह्ये काय?"

"त्येच की, चाची. लालासाबची हाक."

"लालासाबची?"

केरबानं खाली पडलेलं फडकं उचललं. "म्हंजे... तशी तुमचीच."

तिचे कान तापले. सात वर्षं. सात वर्षं सगळा माळ तिच्या शिवीवर मांड्या थोपटत होता, आणि ती स्वतः उंबऱ्यात रस्त्याकडे पाठ करून बसत होती, नजर लागू नये म्हणून! 'डोळं हायत न्हवं?' असं पावण्यांना विचारत होती!

तिकडं बैलांनी कान टवकारले होते खरे, पण पळ वाढत नव्हती. हाक डावीकडनं येत होती, उजवीकडनं येत होती, पुढनंही येत होती. कुणापासनं पळायचं हेच त्यांना कळेना. बाळासो अजून पुढं सरकला. माणसं चेकाळली. पुन्हा "एऽऽऽऽ मुडद्या..." सुरू झालं. कुणी बायकी आवाज काढला, कुणी खोकून दाखवलं.

आता मात्र नजीराबीच्या डोक्यातनं धूर निघाला. तिनं कमरेची पळी काढली. तांब्यावर हाणली. चिंचेच्या मुळीवर पाय देऊन उभी राहिली आणि साऱ्या माळाला, माळावरच्या लहानथोरांना, मानकऱ्यांना, पंचांना उद्देशून ओरडली,

"ए! मुऽऽऽऽडद्यांनो! त्वांड मिटा!"

माळ गप्प झाला.

त्या शांततेत फक्त एकच आवाज राहिला, खुरांचा. वजीर आणि पाखऱ्या यांनी शेपट्या वर केल्या होत्या. ती हाक अगदी पाठीमागनं आली होती, पळीसकट. ती कोण मारतंय आणि आता किती लांब पळायला पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात कसलीच शंका नव्हती. लालासाब छकड्यात मागच्या मागं बसला. कासरा धरण्यापलीकडं त्याच्या हातात काही उरलं नाही. धुरळ्याचा एक लोट उठला, तो बाळासोच्या लोटाला लागला, त्याच्यात मिसळला, आणि मग फक्त धुरळाच दिसत राहिला.

नजीराबी मुळीवरनं उतरली. तिनं तांब्या चाचपला. काढा बराचसा शिल्लक होता. इकडं पाचशे माणसं तिच्याकडे बघत होती आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

पार त्या टोकाला हलगी कडाडली.

"कोण?" तिनं केरबाला विचारलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

केरबाला उत्तर द्यावं लागलं नाही. माणसं टोप्या, पटके उडवत चिंचेकडेच पळत येत होती आणि मधोमध, गळ्यात पिवळं निशाण अडकवलेला पाखऱ्या, कुणीतरी आपल्याला अजूनही मारेल अशा बेतानं तिरपा चालत होता.

सगळ्यांच्या पुढं पंच आले, पेठेच्या शाळेतले यज्ञेश्वर मास्तर. त्यांच्या हातात नियमांचा कागद होता आणि शेजारी घामानं निथळलेला बाळासो.

"बाई," मास्तर म्हणाले, "बाळासोंची हरकत आहे, की हाक गाडीवानानं दिली नाही. ती आपण दिलीत?"

"मी कुठली दिलो? मी ह्या लोकांस्नी गप बसा म्हनलं. शाळंत तुमी म्हनत न्हाईसा?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. कागद वरपासनं खालपर्यंत वाचला. उलटून पाठही पाहिली.

"पराणीला बंदी आहे. चाबकाला आहे. काठी, खिळा, मिरचीपूड, सगळ्याला आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "आईबद्दल काही लिहिलेलं नाही."

बाळासो आधी नजीराबीकडे, मग तिच्या हातातल्या पळीकडे बघत राहिला. मग त्यालाच हसू फुटलं.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. तीन गाड्या मागं पडलो मी. मानभर असतं तर भांडलो असतो." त्यानं नजीराबीपुढं हात जोडले. "पुढल्या वर्साला मी बी आणतो माझ्या आईला. बगूया."

माळ हसला. पण लालासाब छकड्यातनं उतरून आईसमोर येऊन उभा राहिला, तशी माणसं बाजूला सरली. सात वेळचा जिंकणारा, आता आठ वेळचा, चाळिशीकडं झुकलेला बाप्या, अंगणात मार खाणाऱ्या पोरासारखा खाली मान घालून उभा होता. त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग त्यानं तिचा हात उचलला आणि सकाळी ठेवायचा राहिला होता, तो आता आपल्या डोक्यावर ठेवला.

नजीराबीनं हात काढून घेतला. तांब्याचं फडकं सोडलं. पळीनं काढा ढवळला, एक पळी भरली आणि त्याच्या तोंडाला लावली. त्यानं तोंड वाकडं केलं. तिनं दुसरी पळी भरली. तीही त्यानं मुकाट्यानं गिळली. तिनं पदरानं त्याच्या मिशीवरचा धुरळा पुसला, जरा जोरातच. वजीर आणि पाखऱ्या यांचे चारही कान तिच्याकडं होते.

"आता कळलं, सात वर्सं मानभरच का जितत हुतास ते," ती म्हणाली, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी. "हाक चुकीची मारतोस. 'ए' लांबवायचा नसतोय, मुडद्या. 'मु' लांबवायचा असतोय."